दरीचा दिसत नाही

माहरुखचा चेहरा ज्या संध्याकाळी मुलतानच्या हरम गेट भागातल्या टीव्हींवरून नाहीसा झाला, त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी सरकारला शिव्या घातल्या. तो चेहरा तिच्या बापानेच काढला होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

बाप म्हणजे गझनफर बोसन, केबलवाला. खाली माझं शिवणाचं दुकान आणि वर त्याचं ऑफिस, असा एकाच जिन्यावर आमचा संसार. मला गल्लीत सगळे मास्टर म्हणतात. गझनफरने आणि मी लहानपणी एकाच मौलवींच्या हातचा मार खाल्लाय. त्याने आधी व्हिडिओ कॅसेटचं दुकान काढलं, मग गच्चीवर डिश बसवली, मग खांबाखांबावरून वायरी ओढल्या. हरम गेटपासून पाक गेटपर्यंत जो कुणी टीव्ही बघायचा तो गझनफरच्या वायरीतून बघायचा. माणूस भयंकर तिरसट. गिऱ्हाईकाने चित्र हलतंय म्हणून तक्रार केली की म्हणायचा, "तुझी मान हलत असेल. माझी वायर हलत नाही."

त्याला मुलगी एकच, माहरुख. युनिव्हर्सिटीतून शिकून बाहेर पडली आणि दरीचा, म्हणजे छोटी खिडकी, अशा नावाच्या उर्दू वाहिनीची मुलतानची वार्ताहर झाली. वाहिनी कराचीच्या एका सेठची. सेठच्या कापडाच्या गिरण्या होत्या आणि वर ही बातम्यांची हौस. पोरगी पहिल्यांदा पडद्यावर आली त्या दिवशी गझनफरने खेळांची वाहिनी उचलून मागे फेकली आणि तिच्या जागी सातव्या नंबरावर दरीचा आणून बसवली. क्रिकेटवाले भांडायला आले. गझनफर म्हणाला, "तुमच्यापैकी कुणाची मुलगी टीममध्ये असेल तर सांगा, परत सातवर आणतो."

भांडण पेटलं ते आंब्यांवरून. आदल्या वर्षी चिनाबला पूर आला तेव्हा गावंच्या गावं बंधाऱ्यावर उघड्यावर बसली होती. त्यांच्यासाठी परदेशातून तंबू आले, आणि कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. ते माहरुखला सापडले. एका मंत्र्याच्या मेहुण्याच्या आमराईत, आंब्याच्या पेट्यांवर ताणलेले. वर मदतीचा ठसठशीत शिक्का आणि खाली चौंसा आंबा. तिने ते सगळं दाखवलं. शेवटी बंधाऱ्यावरच्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, तंबू मिळाला का?" म्हातारी म्हणाली, "बेटी, मी आंबा असते तर मिळाला असता."

ते वाक्य दरीचाने दिवसभर वाजवलं. मंत्र्याने माफी मागा म्हणून फर्मावलं. दरीचाने ती माफीची मागणीसुद्धा बातमी म्हणून दाखवली. मग इस्लामाबादहून नोटिसा सुरू झाल्या. वाहिनीने वकील लावले आणि नोटिशीला उत्तर, उत्तराला नोटीस असं काही दिवस चाललं. मग एकदम कागद थांबले आणि फोन सुरू झाले.

गझनफरला आलेला फोन असा होता, त्याने मला नंतर सांगितला तसा.

"अस्सलाम आलैकुम, बोसन साहेब. मी तुमचा हितचिंतक बोलतोय."

"कोण हितचिंतक?"

"दरीचा सातव्या नंबरावर आहे ना तुमच्याकडे? डोळ्यात खुपते हो फार. जरा मागे सरकवा."

"तुमचं नाव काय म्हणालात?"

"हितचिंतक. परवाना नवीन करायची वेळ जवळ आलीय ना तुमची? मुलगीही एकटीच फिरते गावभर. आम्हाला काळजी वाटते."

गझनफरने फोन ठेवला, वर गेला आणि दरीचा सातवरून काढून त्र्याण्णवला टाकली. त्या नंबरावर नुसत्या मुंग्या यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माहरुख धाडधाड जिना चढली. मी हातातली कात्री ठेवून मागोमाग गेलो, कारण बापलेकीचे आवाज चढले की मध्ये कुणीतरी लागायचंच.

"अब्बा, दरीचा कुठंय?"

"तांत्रिक बिघाड."

"बाकीच्या सगळ्या वाहिन्या ठणठणीत आणि बिघाड फक्त आमच्यात?"

"बिघाड मला विचारून येत नाही."

"खोटं बोलू नका. शेजारच्या परवीनने शोधून काढलीय. त्र्याण्णववर आहे. तिथं मुंग्या आहेत, अब्बा. मुंग्या!"

"मग मुंग्यांना सांग बातम्या."

ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "आदेश दाखवा. सरकारी शिक्क्याचा कागद असेल ना?"

"कागद नाही."

"मग कुणाचं ऐकलंत?"

"फोनचं."

"फोन करणाऱ्याचं नाव?"

गझनफर माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्टर, हिला सांग, हितचिंतकाला नाव नसतं."

"वा! म्हणजे उद्या कुणीही फोन करून म्हणेल, मुलीला घराबाहेर काढा, तर काढणार तुम्ही?"

"तू त्या आमराईत शिरलीस तेव्हा मला विचारलं होतंस? या वायरींवर पाच घरं जेवतात."

"घाबरलात, एवढं सरळ सांगा."

"हो, घाबरलो!" गझनफर ओरडला. "ज्याचं काही असतं तो घाबरतो. तुझं काय आहे? हातात एक माइक, तोही सेठचा."

माहरुखचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग ती अगदी थंड आवाजात म्हणाली, "मास्टरचाचा, यांना सांगा, घरात माझ्याशी बोलायचं नाही." आणि निघून गेली.

त्या घरात मग दोन पंगती पडायला लागल्या. शमशादभाभी आधी नवऱ्याला वाढायची, मग मुलीला, आणि स्वतः कुणाबरोबर जेवावं या विचारात कधीकधी उपाशीच राहायची. नऊच्या बातम्यांना तिची शारजाची बहीण आपल्या टीव्हीसमोर फोन धरायची. असं हरम गेटमधल्या पोरीचं तोंड तिच्या आईला शारजाहून दिसायचं. भाभी मला म्हणाली, "भाईसाहेब, घरात केबलवाला असून मला परदेशातून मुलगी बघावी लागतेय. या माणसाला हात जोडून सांगितलं, निदान आपल्या घरापुरती तरी लावा. तर म्हणतो, वायर सगळ्यांना एकच."

लोक ऑफिसात यायचे. गझनफर सांगायचा, उंदराने वायर खाल्ली. दूधवाला अल्लाबख्श म्हणाला, "उंदीर बरा शिकलेला दिसतो, बातम्यांचीच वायर खातो." गझनफरने त्याची जोडणी तोडली.

त्याच दिवसांत समोरच्या सरबताच्या गाडीवर एक नवा माणूस बसायला लागला. करडं वास्कट, रंगवलेल्या मिशा, नंबरप्लेट नसलेली मोटारसायकल. सकाळी यायचा, फालशाचं जांभळं सरबत घ्यायचा आणि आमच्या जिन्याकडे बघत बसायचा. एकदा वर जाऊन स्वतः टीव्ही लावून बघून आला, दरीचा खरंच गेलीय का. तेव्हापासून आम्ही त्यालाच हितचिंतक म्हणायला लागलो.

दरीचा देशभरच अशी मागे ढकलली गेली होती. कराचीहून सगळ्या वार्ताहरांना हुकूम आला: आपापल्या गावातल्या केबलवाल्यासमोर कॅमेरा धरा आणि थेट विचारा, वाहिनी कुणाच्या सांगण्यावरून काढली. मुलतानात दुसरा मोठा केबलवाला तालिब डाहा. तो कॅमेरा दिसताच मागच्या दाराने पळाला. मग माहरुख कॅमेरावाल्याला घेऊन आमच्या गल्लीत आली.

असरची नमाज आटोपून लोक बाहेर पडत होते. गझनफर जिन्यातून उतरला आणि समोर मुलगी माइक घेऊन उभी. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं.

"प्रेक्षकहो, मी मुलतानच्या हरम गेट भागात उभी आहे. माझ्यासोबत इथले केबलचालक गझनफर बोसन आहेत. बोसन साहेब, दरीचा तुमच्या केबलवर का दिसत नाही?"

गझनफर गोंधळला. म्हणाला, "वायर तुटलीय."

"कुठे तुटलीय?"

"तिकडे... रस्त्याखाली."

"तुमच्या वायरी तर खांबांवरून जातात."

गर्दी हसली. गझनफरच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. "कॅमेरा बंद कर."

"बोसन साहेब, लोकांना हे जाणून घ्यायचंय की—"

"बोसन साहेब काय? आं? बोसन साहेब काय लावलंयस मघापासून? बाप आहे मी तुझा!"

कॅमेरावाल्याने घाबरून कॅमेरा खाली घेतला, पण त्याच्या कानात कराचीहून कुणीतरी ओरडलं असणार, कारण त्याने तो लगेच परत वर उचलला. माहरुखने मात्र माइक हटवला नाही. म्हणाली, "बापाला विचारते मग. अब्बा, कुणाच्या सांगण्यावरून काढलीत?"

"मला काय विचारतेस? बाप सापडला सोपा म्हणून? हिंमत असेल तर त्याला विचार!" गझनफरने हात लांब करून समोर दाखवलं. "तो बघ, सरबत पीत बसलाय. रोज बसतो. यांच्या साहेबाने फोन केला, काढ म्हणाला, मुलगी एकटी फिरते म्हणाला. आणि काढली की नाही ते बघायला हा वर आला. मी काय हौसेने काढली पोटच्या पोरीला? विचार त्याला! विचार ना!"

कॅमेरा वळला. हितचिंतकाने पेला तोंडासमोर धरला, पण पेला केवढासा. अर्धं सरबत त्याच्या वास्कटावर सांडलं. तो उठून मोटारसायकलकडे धावला आणि माहरुख त्याच्यामागे माइक घेऊन धावली, "साहेब, तुमचं नाव? तुमचं खातं कुठलं? साहेब, एक मिनिट!" पोरं टाळ्या पिटत होती. जांभळ्या छातीचा तो माणूस गल्लीतून भरधाव निघून गेला, हे देशात जिथं जिथं दरीचा अजून लागत होती तिथं सगळ्यांनी बघितलं. हरम गेटच्या टीव्हींवर ते दिसलं नाही. पण पोरांनी फोनवर उतरवून घेतलं होतं. मगरिबपर्यंत, दिवस मावळायच्या आत, ते घरोघरी पोचलं.

गझनफर तिथेच पायरीवर बसला होता. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "मास्टर, मी काय बोललो रे?"

"खरं बोललास."

"रागात बोललो. रागातलं धरत नाहीत ना?"

त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचा ट्रक आणि परवाना खात्याची गाडी आली. पुढे डोगर साहेब, खात्याचे इथले मोठे अधिकारी, काळा चष्मा लावून. आरोप दरीचाचा नव्हताच. आरोप होता, बोसन केबलवर बेकायदा भारतीय मालिका दाखवल्या जातात.

गझनफर जिन्यात आडवा उभा राहिला. "मालिका? डोगर साहेब, तुमच्या वसाहतीतही माझीच वायर आहे. परवा मालिका अर्ध्यात गेली तेव्हा तुमच्या बेगमसाहेबांचा फोन आला होता मला. सून खरंच मेली का, विचारत होत्या."

ट्रकवरचा शिपाई हसला आणि डोगरने बघताच गंभीर झाला. डोगर म्हणाला, "सगळं उचला. गच्चीवरच्या डिशसुद्धा."

रिसीव्हर, ॲम्प्लिफायर, डिश, वायरींची भेंडोळी, सगळं वरून खाली फेकत नेलं. भिंतीवरचा पंखा काढला. चहाची किटलीही नेली. मी विचारलं, "साहेब, किटलीवर कुठली वाहिनी दिसते?" तर मला म्हणाले, "मास्टर, तुमच्या दुकानाचा परवाना आहे का?" मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून डाचतं.

संध्याकाळी माहरुख घरी आली तेव्हा गझनफर अंगणात खाटेवर पडला होता आणि मी शेजारी बसलो होतो. कित्येक दिवसांनी तो तिच्याशी बोलला. "ये. माइक आणलास? कर बातमी. बाप बुडाला."

"मी तुम्हाला फक्त प्रश्न विचारला होता."

"अख्ख्या मुलतानात तुला प्रश्न विचारायला मीच सापडलो!"

"आणि अख्ख्या मुलतानात मला टीव्हीवरून काढणारे तुम्हीच होतात!"

शमशादभाभीने हातातली परात जमिनीवर आपटली. कणीक अंगणभर झाली. "दोघंही निघा घरातून. भांडा जाऊन चौकात, तिथं लोक तरी बघायला आहेत."

आठवड्याभरात डाह्याची माणसं आमच्या खांबांवर चढली. गझनफरच्या वायरी कापून खाली टाकायचे आणि आपल्या बांधायचे. गझनफरने एकाला वीट मारली. नेम चुकला, तरी पोलिसात तक्रार झाली. घरोघर डाह्याची केबल आली. मी घेतली नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या बायकोला संध्याकाळी मालिका लागते.

एक दिवस हितचिंतक माझ्या दुकानात आला. तोच तो. नवी लठ्ठ्याची घडी माझ्यासमोर टाकली. "मास्टर, सलवार-कमीज शिवायचाय. ईदच्या आधी पाहिजे."

मी टेप गळ्यातून काढला नाही. "नाव काय लिहू?"

"नाव कशाला? माप घ्या."

"पावतीवर नाव लागतं."

"लिहा काहीही."

"काहीही नावाचे कपडे मी शिवत नाही," मी म्हणालो. मी सुईखाली कापड नसतानाच मशीन चालवायला लागलो. "डाह्याच्या गल्लीत शिंपी आहे, तिकडे जा. तुमचं तिकडं बरं जमेल."

त्याने दुकानभर नजर फिरवली. "तुमचं दुकान फार जुनं आहे, मास्टर."

"हो. तुमच्या साहेबाच्या नोकरीपेक्षा जुनं."

त्याने कापड उचललं आणि गेला. पुढचे कित्येक दिवस जिन्यात पाऊल वाजलं की मी दचकायचो. पण तो काही परत आला नाही.

मग गझनफरला खात्यातून बोलावणं आलं. तो मला बरोबर घेऊन गेला. डोगरने आम्हाला चहा दिला, त्यावरूनच कळलं की काहीतरी मागणार.

"बोसन साहेब, तुम्ही जुने माणूस. चूक तुमची नाहीच. मुलीने पढवलं, तुम्ही बोललात. एवढं लिहून द्या. तुम्हाला कुणी फोन केला नव्हता, समोर बसलेला माणूस कुणी वाटसरू होता, मुलीने वाहिनीसाठी तमाशा करवला. उद्या सगळा माल परत. परवानाही नवीन."

कागद टाइप करून तयारच होता. गझनफरने तो दोनदा वाचला. मला वाटलं, हा सही करणार. आणि खरं सांगतो, मला वाटत होतं त्याने करावी. वायरी गेल्या, माणसं गेली, मुलगी तर बोलतही नव्हती. कुणासाठी अडून बसायचं?

गझनफरने पेन उचलला, टोपण काढलं, परत लावलं.

"डोगर साहेब, दरीचा काढा असं तुम्ही मला कसं सांगितलं होतं?"

"मी? मी काहीच सांगितलं नव्हतं."

"ज्याने कुणी सांगितलं, त्याने फोनवर सांगितलं. मी कागद मागितला नाही. तुमचं काम तोंडी झालं. आता माझंही तोंडी घ्या. मी फोनवर सांगतो तुम्हाला, मुलीने पढवलं, मुलगी खोटारडी आहे, हवं तेवढं सांगतो. लिहून कशाला?"

"थट्टा करताय?"

"मग असं करा. तुम्ही लिहून द्या, दरीचा काढायला आम्ही सांगितलं. त्याच्याखाली मी लिहून देतो, नव्हतं सांगितलं."

डोगरचा चेहरा लाल झाला. "पोरीने तुला रस्त्यावर आणलंय, बोसन. लोकांसमोर तुझी अब्रू काढली तिने. आणि तू तिच्यासाठी—"

"तिच्यासाठी?" गझनफर उभा राहिला. "ती माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. तिचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. पण मी आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, साहेब, आणि तेही तुम्ही खोटं पाडायला निघालात."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सही केली असतीस तर माल मिळाला असता." त्याने मला तिथेच रस्त्यात अशी शिवी दिली की जवळचा टांग्याचा घोडासुद्धा बिचकला.

इकडे त्याने सही केली नाही, आणि तिकडे कराचीत सेठने केली. सेठच्या गिरण्यांची वीज आणि बँका दोन्हीकडून गळा आवळला होता म्हणे. दरीचाने मंत्र्याची माफी मागितली, आमराईची बातमी आणि हरम गेटचं ते चित्रण आपल्या साठ्यातून पुसून टाकलं. एका सकाळी डाह्याच्या केबलवर दरीचा सातव्या नंबरावर परत आली. माहरुखला कराचीहून फोन आला, उद्यापासून येऊ नकोस. कारण विचारलं तर म्हणाले, वाहिनी मुलतानचं ऑफिस छोटं करतेय. मुलतानच्या ऑफिसात मुळात दोनच माणसं होती.

ती वर आली. रिकाम्या ऑफिसात गझनफर खुर्ची टाकून नुसताच बसायचा, तसा बसला होता, मीही त्याच्याजवळ होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "मला काढलं."

गझनफर हसायला लागला. मला त्याचा राग आला. हसता हसता तो म्हणाला, "कागद दिला का?"

"नाही. फोनवर."

"सेठपण हितचिंतकच निघाला की!"

"हसा. तुम्हाला बरंच वाटलं असेल."

"बरं वाटलं? मी सही केली असती तर आज इथं पंखा फिरत असता. मूर्ख!"

"कसली सही?"

तेव्हा तिला कळलं. गझनफरने सांगितलं नसतं, मीच सांगून टाकलं. मला वाटलं माहरुख आता रडेल. ती म्हणाली, "मग इतके दिवस मला का नाही सांगितलंत? मला वाटत होतं तुम्ही विकले गेलात. तुम्ही माणूस आहात की दगड?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"तुम्ही बोलत होतात?"

आणि परत तेच. पण त्या दिवशी ते भांडत भांडत जिना उतरून एकत्र घरी गेले आणि शमशादभाभीने एकाच दस्तरखानावर दोघांना डाळ आणि डोली रोटी वाढली.

त्यांनी कोर्टात दावा लावला, मालाच्या जप्तीविरुद्ध. दरीचाने पुसलेलं चित्रण भाभीच्या शारजाच्या बहिणीने टीव्हीवरून फोनमध्ये उतरवून ठेवलं होतं, ते मिळालं. तारखांवर तारखा पडल्या. सरकारी वकील म्हणायचे, भागातल्या प्रतिष्ठित नागरिकांनी तक्रार केली होती. जज विचारायचे, नावं? वकील म्हणायचे, पुढच्या तारखेला देतो. बापलेक प्रत्येक तारखेला एकाच मोटारसायकलवर जायचे आणि भांडत परत यायचे. ती म्हणायची, तुम्ही जजसमोर ओरडलात. तो म्हणायचा, तू वकिलाला बोलूच देत नाहीस. अखेर माल परत द्यायचा हुकूम झाला. माल मिळाला तो पावसात भिजलेला, निम्मे रिसीव्हर मेलेले, डिशांना पोचे. किटली मिळालीच नाही. केबलचा परवाना तर नाहीच. गझनफर आता लोकांच्या गच्चीवर छोट्या डिश बसवून देतो आणि प्रत्येक गच्चीवर डाह्याला शिव्या देतो. माहरुख सरायकीतल्या, म्हणजे इथल्याच बोलीतल्या, एका साप्ताहिकात लिहिते. पगार नावालाच आहे.

मग सरकार बदललं. तो मंत्री विरोधात गेला आणि त्याच दरीचावर येऊन अखबारांच्या स्वातंत्र्यावर डोळे ओले करून बोलला. नव्या सरकारला ते खपलं नाही. परत फोन फिरले, आणि डाह्याने दरीचा परत काढली.

त्यानंतर कराचीहून माहरुखला फोन आला. वृत्तप्रमुख स्वतः बोलत होते. मी त्यांच्या घरी गझनफरची शेरवानी द्यायला गेलो होतो, फोनचा आवाज मोठा केलेला होता.

"माहरुख, तू आमची शेरनी आहेस. परत ये. तुझ्या अब्बांवरचा तो अन्याय, ते छापे, सगळं दाखवू. अब्बांची मुलाखत घे. आता वातावरण योग्य आहे."

माहरुख म्हणाली, "ते चित्रण तुम्ही पुसलंत ना?"

"ते तेव्हाचं होतं, बेटा. मजबुरी होती. तुझ्याकडे असेलच ना एखादी प्रत?"

तिने बापाकडे बघितलं. गझनफरने फोन तिच्या हातातून घेतला. मला वाटलं नेहमीसारखा ओरडेल. तो अगदी शांतपणे बोलला, सरायकीत, ज्या भाषेत तो फक्त वीट मारायच्या आधी बोलतो. वृत्तप्रमुखांना, सेठना, सेठच्या गिरण्यांना, त्यातून निघणाऱ्या कापडाच्या प्रत्येक ताग्याला त्याने एकेक शिवी दिली. तिकडून फोन कधीच बंद झाला होता, तरी तो बोलत राहिला. मग फोन खाटेवर फेकून म्हणाला, "मी मध्ये पडलो म्हणून रागावू नकोस. जायचं असेल तर जा."

"मी जाणार नव्हतेच," माहरुख म्हणाली. "पण नाही मला म्हणायचं होतं. माझा फोन होता."

"मग पटकन म्हणायचंस! वाट कसली बघत होतीस?"

"विचार करत होते."

"विचार करत होती म्हणे! त्या माणसाबद्दल विचार?"

शमशादभाभी माझ्याकडे बघून म्हणाली, "भाईसाहेब, तुम्ही बसा, मी चहा टाकते. हे आता लवकर संपत नाही."